मोत्सार्टच्या नावाचा लाडू : मार्झिपान, नूगा आणि चॉकलेट घरच्या घरी

डिसेंबर जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो : "ते परदेशातून येतात ना, सोनेरी कागदातले गोळे, वर मोत्सार्टचं चित्र असलेले, आत हिरवं काहीतरी असतं, ते घरी करता येतात का?" उत्तर आहे, येतात. पण नुसतं साहित्य आणि कृती सांगून भागत नाही. महागाचे बदाम, त्याहून महाग पिस्ते आणि चांगलं चॉकलेट एवढं सगळं आणायचं आणि शेवटी हातात तेलकट गोळा, त्यावर पांढरे डाग पडलेलं चॉकलेट, असं झालं तर पैसे जातात आणि हौसही जाते. म्हणून या भागात कृतीबरोबर प्रत्येक पायरीचं कारणही बघू. कारण कळलं की जालन्यातल्या स्वयंपाकघरात असो की चेन्नईतल्या, आपलं आपल्याला ठरवता येतं.

आणि कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघतं. पाणी. पाणी कुठे हवं, किती हवं आणि कुठे एक थेंबही नको, हे कळलं की या मिठाईतलं तीन चतुर्थांश काम झालं.

आधी ही मिठाई कुठली ते सांगते. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात पाउल फ्युर्स्ट नावाच्या हलवायाने १८८४ साली ब्रोडगासे या गल्लीत दुकान उघडलं आणि १८९० साली हा गोळा केला. तेव्हा त्याचं नाव 'मोत्सार्ट-बोनबोन' होतं. पुढे 'मोत्सार्टकुगेल' झालं. कुगेल म्हणजे गोळा. मोत्सार्ट साल्झबर्गचा, १७५६ साली तिथेच जन्मलेला, पण १७९१ साली तो गेला, म्हणजे त्याच्या नावाचा हा लाडू त्याने कधी चाखलाच नाही. फ्युर्स्टने कृतीचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे इतरांनीही तो करायला सुरुवात केली. मग कोर्टकचेऱ्या झाल्या. आज 'ओरिजिनल' हा शब्द फ्युर्स्टच्या घराण्याकडे आहे, बाकीचे आपापल्या गोळ्यांना 'अस्सल' वगैरे म्हणतात. फ्युर्स्टचे गोळे चंदेरी कागदात असतात आणि कागदावर निळी छपाई. विमानतळावर दिसतात ते सोनेरी कागदातले गोळे कारखान्यातले.

मूळ गोळ्याची रचना सोपी आहे. मधोमध पिस्त्याचं मार्झिपान, त्याभोवती नूगा, सगळ्यात वर डार्क चॉकलेट. इथला नूगा म्हणजे भाजलेल्या हेझलनटची मऊसूत पेस्ट आणि चॉकलेट यांचं मिश्रण. अंड्याचा पांढरा भाग आणि मध घालून केलेला चिवट पांढरा नूगा तो हा नव्हे. नाव एकच, पदार्थ दोन, म्हणून दुकानात मागताना घोटाळा होतो.

आता मार्झिपान. बदाम आणि साखर, बस. ऐकून कोणीही म्हणेल, ही तर आपली बदामकतली. नातं आहे, नाही असं नाही. पण कतलीत आपण पीठ पाकात शिजवून घट्ट करतो आणि थापून कापतो. मार्झिपान मातीसारखं मळता, वळता आलं पाहिजे आणि आठवड्यानेही मऊ राहिलं पाहिजे. जर्मनीत ल्युबेक या शहराचं नाव मार्झिपानशी जोडलेलं आहे. तिथली नीडरएगर ही पेढी १८०६ सालची, आणि चॉकलेटात बुडवलेली मार्झिपानची लांबट वडी ही तिची ओळख. जर्मन नियमानुसार कच्च्या मार्झिपानात साखर ३५ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि पाणी १७ टक्क्यांहून जास्त नाही. त्यात पुन्हा साखर घालून साधं मार्झिपान होतं, पण तीही कच्च्या मालाच्या वजनाइतकीच, त्याहून जास्त नाही. हे आकडे डोक्यात ठेवा. आपल्याकडे डब्यात मिळणाऱ्या मार्झिपानावर घटकांमध्ये साखर पहिली लिहिलेली असेल, तर आपण बदामाच्या भावाने साखर घेतोय, एवढं समजावं.

मार्झिपान आपल्याकडे अगदीच नवीन नाही. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळ-ईस्टरला ते पिढ्यान्‌पिढ्या होतं. पुष्कळ ठिकाणी बदामाऐवजी काजूचं, गुलाबपाणी घालून, साच्यातून काढलेलं. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि गोव्यात रुजला, मग घरचा काजू असताना महागाचा बदाम कोण आणणार? काजूचं मार्झिपान चवीला गोडसर, मऊ लागतं. पण मोत्सार्टकुगेल करायचं तर आत बदाम-पिस्ताच हवा, कारण नूगा आणि डार्क चॉकलेट या दोघांसमोर काजू बिचारा गप्प बसतो.

बदाम घेताना

साधे गोड बदाम घ्या. मामरा वगैरे घ्यायची गरज नाही, मामऱ्यात तेल जास्त असतं आणि इथे तेच आपल्याला त्रास देणार आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. युरोपातल्या जुन्या कृतींमध्ये "थोडे कडू बदाम" असं लिहिलेलं सापडतं. मार्झिपानचा तो ओळखीचा वास, आपण ज्याला बदाम इसेन्सचा वास म्हणतो, तो कडू बदामाचा. कडू बदामात अ‍ॅमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. ते पाण्याच्या संपर्कात फुटलं की त्यातून तो वास देणारं बेंझाल्डिहाइड निघतं आणि बरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतं. जर्मनीतले कारखानेही मर्यादेत आणि प्रक्रिया करून ते वापरतात. घरी असलं काही करू नका. जर्दाळूच्या बियांतला गर दिसायला अगदी बदामासारखा, भावाला स्वस्त, पण त्यातही तेच द्रव्य असतं. "जर्दाळूचे बदाम आहेत, घालून बघते" असं कोणी म्हणालं तर थांबवा. लहान मुलाला अशा थोड्या कडू बियाही धोकादायक ठरू शकतात. गुरबंदी बदामात मधूनच एखादा कडू दाणा लागतो. एका दाण्याने घाबरायचं कारण नाही, पण गुरबंदी घेतलेच असतील तर सोलल्यावर टोक चाखून बघा आणि कडू निघाला तो फेकून द्या. वासासाठी बदाम इसेन्सचे दोन थेंब पुरतात. दोनच. तिसऱ्या थेंबाला साबणाचा वास येतो.

पहिलं पाणी : सोलताना

आपल्या घरात बदाम सोलायचे म्हणजे रात्री भिजत घालायचे. इथे ती सवय बाजूला ठेवा. रात्रभर भिजलेला बदाम भरपूर पाणी पितो, आणि ते पाणी नंतर बाहेर काढता येत नाही. मार्झिपान सैल होतं, आपण त्यात पिठीसाखर घालत जातो, ते अतिगोड होतं, आणि वर जास्त पाण्यामुळे बुरशीही लवकर धरते.

त्याऐवजी उकळत्या पाण्यात बदाम टाका, साठ-सत्तर सेकंद थांबा, गाळून घ्या आणि लगेच गार पाण्याखाली धरा. साल चिमटीतून सुटते. पिस्तेही असेच, फक्त तीस-चाळीस सेकंद. पिस्त्याची साल काढणं कंटाळवाणं आहे, पण न काढल्यास हिरव्याऐवजी मातकट रंग येतो. मिठाचे भाजलेले पिस्ते चालणार नाहीत, कच्चे, बिनमिठाचे घ्या.

सोललेले दाणे कापडावर पसरून पंख्याखाली रात्रभर ठेवा. कोकण, गोवा, चेन्नई अशा दमट हवेत पंख्याचा भरवसा नको. ओव्हन ८०–९० अंशांवर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं सुकवा. दाण्याला रंग येता कामा नये. मग पूर्ण गार करा. दाणा मोडल्यावर 'कट्' असा आवाज आला पाहिजे.

प्रमाण

साधारण चोवीस गोळ्यांसाठी :

मार्झिपानला सोललेले बदाम १०० ग्रॅम, सोललेले पिस्ते ५० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १५ ग्रॅम, पाणी दोन मोठे चमचे, गुलाबपाणी अर्धा छोटा चमचा आणि हवं तर इसेन्स.

नूगाला हेझलनट ७५ ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, डार्क किंवा मिल्क चॉकलेट ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ.

वरच्या आवरणाला डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम. यातलं निम्मं उरेल, पण कमी घेतलं तर गोळा बुडणार नाही. उरलेलं थापून ठेवा, पुढच्या वेळी कामी येतं.

वाटी-चमच्याने मोजू नका. वजनकाटा लागेलच. साध्या किचन थर्मामीटरचीही मी शिफारस करेन. चॉकलेटच्या कामात अंदाजाला फार वाव नाही.

दळताना

बदाम दळताना मिक्सर तापतो, बदामातलं तेल सुटतं आणि पिठाचा चिकट गोळा होतो. एकदा ते झालं की मळताना तेल बोटांवर येतच राहतं. उपाय तीन. दाणे आणि मिक्सरचं भांडं, दोन्ही हवाबंद डब्यात किंवा पिशवीत घालून पंधरा मिनिटं फ्रीजरला ठेवा. हवाबंद यासाठी की बाहेर काढल्यावर त्यावर दव धरायला नको. बाहेर काढल्यावर लगेच दळा. ८० ग्रॅम साखरेतली दोन चमचे आधीच पिठीसाखर करून दाण्यांबरोबर घाला, ती तेल धरून ठेवते. आणि सलग फिरवू नका, दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा. पीठ चाळणीतून काढा, वर राहिलेलं पुन्हा फिरवा. रव्यापेक्षा बारीक आणि मैद्यापेक्षा जाड, एवढं पुरे.

दुसरं पाणी : पाकात

मार्झिपानच्या बऱ्याच कृतींत कच्च्या अंड्याचा पांढरा भाग असतो. बांधायला तो छान काम करतो, पण कच्च्या अंड्यातून साल्मोनेला होण्याचा धोका असतो, आणि ही मिठाई पंधरा दिवस डब्यात राहणारी, मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातात जाणारी. शिवाय आपल्याकडे अंडं न खाणारी घरं पुष्कळ. म्हणून पाकाची पद्धत घेऊ.

उरलेली साखर, पाणी आणि ग्लुकोज लहान जाड बुडाच्या पातेल्यात उकळा. गोळीबंद पाक करायचा आहे. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला तर बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे. थर्मामीटरवर ते ११६ ते ११८ अंश. एकतारीवर थांबलात तर मार्झिपान ओलं राहील, आणि पुढे कडक गोळीपर्यंत गेलात तर थंड झाल्यावर भुगा होईल.

इथे ग्लुकोज कशाला, असं विचारलं जातं. साखरेचा पाक थंड होताना साखरेला पुन्हा खडा धरायचा असतो, हा तिचा स्वभाव. ग्लुकोजचे लांब रेणू तिच्या वाटेत येतात. कतलीला आपल्याला थोडं ते खडीपण चालतं, मार्झिपानला नाही. आपल्या आज्या पाकात लिंबू पिळायच्या, त्याचंही कारण तेच.

पाक पिठावर ओता, मंद आचेवर एक-दोन मिनिटं ढवळा. मिश्रण भांड्याच्या कडा सोडायला लागलं की उतरवा. बर्फीसारखं आटवत बसू नका, जास्त शिजवलं की तेल सुटतं. ताटात काढा आणि लगेच प्लास्टिकची पातळ फिल्म वर चिकटवून झाका, नाहीतर वरून साय धरल्यासारखी साल येते. कोमट झाल्यावर गुलाबपाणी घालून मळा. पोळीची कणीक तिंबतो तसं रगडायचं नाही, वीस-पंचवीस वेळा दुमडलं की पुरे.

पारख अशी. एक गोळी वळून अंगठ्याने दाबा. कडेला भेगा पडल्या तर कोरडं आहे, पाव चमचा गुलाबपाणी द्या. बोटाला तेलाची चमक आली तर जास्त मळलं गेलंय किंवा तापलंय. अशा वेळी अर्धा चमचा ग्लुकोज अर्ध्या चमचा पाण्यात कालवून घाला, चार घड्या घाला आणि थांबा. पिठीसाखर ओतून तेल लपवायला जाऊ नका.

हे मार्झिपान नीट गुंडाळून रात्रभर ठेवा. पाकातलं पाणी आणि पिठातला कोरडेपणा यांचं जमायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी ते वेगळाच पदार्थ झालेलं असतं.

नूगा : इथे तेलच हवं

आत्तापर्यंत ज्या तेलाला आपण भ्यालो, नूगात तेच मुद्दाम काढायचं. हेझलनट १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजा, गरम असतानाच कापडात घालून चोळा, साल निघते. पिठीसाखर घालून मिक्सरमध्ये फिरवत राहा. आधी भुगा, मग गोळा, मग एकदम वाहतं पातळ. मध्ये मिक्सरला विश्रांती द्या, नाहीतर मोटर जळेल. वितळलेलं, कोमट चॉकलेट आणि मीठ मिसळा, पसरट डब्यात ओता, गार जागी ठेवा. मऊ मातीसारखं झालं की वळता येतं.

नूगात पाण्याचा अंश नसतो, म्हणून तो टिकतो आणि मार्झिपानचं पाणी चॉकलेटपर्यंत पोचू देत नाही. फ्युर्स्टने हा थर काय विचाराने घातला ते मला सांगता येणार नाही, पण काम तो हेही करतो. दूध, साय, लोणी असलं काही नूगात घालू नका. चव येईल, पण मग पाणी आलंच.

हेझलनट मिळाले नाहीत किंवा भाव बघून हात आखडला, तर खरपूस भाजलेले बदाम घ्या. त्याला मोत्सार्टकुगेल म्हणू नका एवढंच.

वळणं

मार्झिपानच्या दहा-दहा ग्रॅमच्या गोळ्या करा. नूगाच्या आठ-आठ ग्रॅमच्या चकत्या तळहातावर चपट्या करून त्यात गोळी ठेवा आणि मोदकाचं सारण झाकतो तसं तोंड मिटवा. पुरणपोळी करणाऱ्या हातांना हे शिकवावं लागत नाही. हात गरम असतील तर गार पाण्याखाली धरून कोरडे, अगदी कोरडे पुसून घ्या. प्रत्येक गोळ्यात दातकोरणी टोचा आणि थर्मोकोलच्या तुकड्यावर उभे करा.

हे गोळे फ्रिजमधून थेट चॉकलेटात बुडवायचे नाहीत. दोन कारणं आहेत. गार गोळ्यावर हवेतलं पाणी दवासारखं बसतं. आणि गार गोळा वर चॉकलेट लागल्यावर हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो, तेव्हा किंचित फुगतो, आणि आधीच आवळून बसलेलं चॉकलेटचं कवच तडकतं. तडकलेल्या जागेतून आतलं पाझरतं. फ्रिजमध्ये ठेवावेच लागले तर हवाबंद डब्यात ठेवा, आणि डबा न उघडता बाहेर खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

तिसरं पाणी : चॉकलेटात एक थेंबही नको

चॉकलेट म्हणजे कोकोच्या चरबीत तरंगणारे कोको आणि साखरेचे बारीक कण. त्यात पाण्याचा एक थेंब पडला की साखरेचे कण ओले होतात, एकमेकांना चिकटतात आणि वाहणारं चॉकलेट क्षणात आखडून माती होतं. ओला चमचा, वाफेचा थेंब, घामाचा थेंब, काहीही पुरतं. असं झालं तर ते बुडवण्यासाठी वाया गेलं समजा, पण फेकू नका. त्यात गरम दूध घाला, पिण्याचं छान चॉकलेट होतं. थोडं पाणी घात करतं, पुष्कळ पाणी चालतं.

म्हणून डबल बॉयलरवर वितळवताना खालचं पाणी उकळू देऊ नका आणि वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या, म्हणजे वाफ कडेने आत येत नाही. मायक्रोवेव्ह असेल तर उत्तमच, वीस-वीस सेकंदांनी ढवळत जा.

आता कुठलं चॉकलेट. पाकिटावरचे घटक वाचा. कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट, त्याला टेंपरिंग लागतं. त्या जागी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर ते कंपाउंड, नुसतं वितळवून बुडवलं तरी चकाकतं. कंपाउंडला नाकं मुरडणाऱ्यातली मी नाही, चाळीस अंशांच्या नागपुरात त्याचा उपयोग आहे. पण ते तोंडात मेणासारखं रेंगाळतं, आणि आत एवढे महागाचे पिस्ते घातल्यावर वर मेण कशाला? विकत असाल तर कंपाउंडला चॉकलेट म्हणून विकू नका, हेही आलं.

टेंपरिंग म्हणजे काय ते दोन वाक्यांत. कोकोची चरबी सहा तऱ्हांनी गोठू शकते, त्यातली पाचवी तऱ्हा आपल्याला हवी असते, कारण ती चकाकते, टचकन मोडते आणि साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडात, वितळते. बाकीच्या तऱ्हा मऊ, निस्तेज आणि डाग पाडणाऱ्या.

घरी सोपा मार्ग हा. ३०० ग्रॅममधलं २०० ग्रॅम चॉकलेट ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा. विस्तवावरून काढा. उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घाला आणि ढवळत राहा. हे चिरलेलं चॉकलेट दुकानातून आलेलं, म्हणजे आधीच योग्य तऱ्हेने गोठलेलं असतं. दह्याला विरजण लावतो तसं ते बाकीच्याला वळण लावतं. तापमान ३१–३२ अंशांवर आलं की तयार. सुरीच्या टोकावर थोडं लावून ठेवा. पाच मिनिटांत चकाकत घट्ट झालं तर बुडवायला घ्या. रेघा उठल्या किंवा चिकट राहिलं तर अजून थोडं चिरलेलं चॉकलेट घालून ढवळा. काम करताना ते घट्ट व्हायला लागलं तर गरम पाण्यावर चार सेकंद धरा, पण ३३ च्या वर गेलं की विरजण मेलं, पुन्हा पहिल्यापासून.

खोली २० अंशांच्या आसपास हवी. इंदूर-ग्वाल्हेरकडे डिसेंबरात रात्री खिडकी उघडली की झालं. मुंबई, मंगळूर, चेन्नईत एसी लावून खोलीत अर्धा तास आधी सगळं नेऊन ठेवा. एसी गारवाही देतो आणि हवेतलं पाणीही काढतो, म्हणून इथे तो चैनीची वस्तू राहत नाही. पावसाळ्यात करूच नका असं माझं मत आहे.

एसी नाही आणि हवा गरम आहे? मग जर्मन लोक नाताळात करतात ते मार्झिपानचे 'बटाटे' करा. साध्या बदामी मार्झिपानच्या छोट्या गोळ्या कोको पावडरीत घोळवायच्या, बस. टेंपरिंग नाही, भीती नाही. आणि चॉकलेट पहिल्यांदाच हाताळत असाल तर गोळ्याऐवजी ल्युबेकसारखी वडी करा. मार्झिपानची बोटभर जाड वळी, तळाला ब्रशने चॉकलेट, सुकलं की उलटून वरून ओता. गोळ्यापेक्षा दहापट सोपं, आणि खरं सांगायचं तर मला चवीलाही तेच जास्त आवडतं.

बुडवणं

काडी धरून गोळा बुडवा, वर काढून मनगटावर हलका ठोका द्या म्हणजे जास्तीचं गळून जातं, आणि काडी थर्मोकोलमध्ये उभी करा. साल्झबर्गलाही फ्युर्स्टच्या कारखान्यात असंच काडीवर करतात. चॉकलेट गोठल्यावर काडी काढून ते भोक चॉकलेटच्या थेंबाने बुजवतात. म्हणून त्यांचा गोळा सगळीकडून गोल असतो, बसायला सपाट बूड नसतं. भोक बुजवणं हे सौंदर्यासाठी वाटतं, पण तेवढ्या भोकातून मार्झिपानचं पाणी उडून जातं आणि आठवड्याने आत कोरडा खडा सापडतो. प्रत्येक गोळा फिरवून बघा, टाचणीएवढी जागा उघडी दिसली तरी थेंब लावा.

दुसऱ्या दिवशी पांढरट डाग दिसले तर बोटाने चोळा. डाग बोटाच्या उबेने पुसला गेला तर तो चरबीचा, म्हणजे टेंपरिंग बिघडलं किंवा डबा उन्हात राहिला. खरखरीत लागला आणि गेला नाही तर तो साखरेचा, म्हणजे दव धरलं होतं. दोन्ही खायला निर्धोक, फक्त दिसायला वाईट.

बटर पेपरमध्ये किंवा फॉइलमध्ये एकेक गुंडाळा, हवाबंद डब्यात, अंधारात, गार जागी ठेवा. १८–२० अंशांना दोन ते तीन आठवडे चांगले राहतात. त्याहून गरम हवेत आठवड्यात संपवा. मार्झिपान आधीच करून ठेवायचं असेल तर गुंडाळून फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवा आणि आदल्या रात्री फ्रिजमध्ये आणा.

भेट देताना किंवा विकताना डब्यावर ठळक लिहा : बदाम, पिस्ते, हेझलनट आणि चॉकलेटात सोया लेसिथिन किंवा दूध असेल तर तेही. नट्सची अ‍ॅलर्जी असलेल्याला हा गोळा बाहेरून साधं चॉकलेट वाटतो. विकायचं असेल तर अन्नपदार्थांसाठीची नोंदणीही हवी. आणि केल्याची तारीख लिहा, घेणाऱ्याने किती दिवसांत खायचे तेही, कारण असे गोळे लोक 'पाहुणे आल्यावर काढू' म्हणून कपाटात ठेवतात आणि संक्रांतीला सापडतात.